ओढणाऱ्या विमानाची गोष्ट

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान, असे वर्गात सांगितले की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "मग ते वर जाते कसे?" प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या उत्तराचा मागोवा घेत गेलो तर एक मोठा इतिहास हाती लागतो. त्यात टेकड्या आहेत, रबरी दोर आहेत, एक मोटारगाडी आहे, हौशी माणसाने घरी बनवलेले छोटे विमान आहे आणि शेवटी अंतराळातून परत येणारे यानही आहे.

पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात ग्लायडर चढताना ज्यांनी पाहिले असेल, त्यांना एक उत्तर ठाऊक आहे. मैदानाच्या एका टोकाला विंच असते. तिच्यावरची लांब तार दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या ग्लायडरला अडकवतात. विंच फिरू लागली की तार वेगाने गुंडाळली जाते आणि ग्लायडर पतंगासारखे वर चढते. पुरेशी उंची आली की वैमानिक तार सोडून देतो. दुसरे उत्तर याहून गमतीचे आहे. इंजिन असलेले दुसरे विमान पुढे जोडायचे आणि त्याने दोरीने ग्लायडरला आकाशात ओढून न्यायचे. या लेखात आपण या ओढणाऱ्या विमानाकडे पाहणार आहोत. ग्लायडरची चर्चा सगळे करतात. ओढणाऱ्याची फारशी कोणी करत नाही.

टेकडीपासून दोरीपर्यंत

जर्मनीचे ओटो लिलिएन्थाल यांनी १८९१ ते १८९६ या काळात टेकडीवरून धावत सुटून शेकडो उड्डाणे केली. बर्लिनजवळ लिश्टरफेल्ड येथे त्यांनी त्यासाठी मुद्दाम मातीची टेकडी उभारली होती. टेकडीवरून उडायचे म्हणजे उंची आधीच हाताशी असते, पण टेकडी हलवता येत नाही आणि वाराही हवा तसा मिळत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीतील इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली. तेथील तरुण तेव्हा ग्लायडरकडे वळले. १९२० पासून वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर ग्लायडरच्या स्पर्धा भरू लागल्या. तेथे रबरी दोराची दोन टोके धरून मुले उताराच्या दिशेने धावत आणि गलोलीतून दगड सुटावा तसे ग्लायडर सुटे. यालाही डोंगर लागतोच.

१९२७ साली जर्मनीतच कासेल येथे गॉटलोब एस्पेनलाउब यांचे ग्लायडर विमानामागे दोरीने बांधून हवेत नेण्यात आले. आता डोंगराची गरज उरली नाही. सपाट मैदान आणि एक विमान असले की पुरे. पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली.

दोरी किती ओढते?

येथे थोडे गणित करू. समजा, एक ग्लायडर वैमानिकासह ५०० किलोचे आहे आणि ते एक मीटर खाली येताना ३० मीटर पुढे सरकते. असे ग्लायडर समपातळीत ओढत ठेवायला किती जोर लागेल? वजनाचा तिसावा भाग, म्हणजे सुमारे १७ किलो-भार! पाचशे किलोंचे धूड, आणि ते ओढायला लागणारा जोर एका भरलेल्या बादलीएवढा.

अर्थात आपल्याला ग्लायडर नुसते पुढे न्यायचे नाही, वर चढवायचे आहे. सहा मीटर पुढे जाताना एक मीटर वर, असा चढ धरला, तर वजनाचा सहावा भाग, म्हणजे सुमारे ८३ किलो-भार, आणखी मिळवावा लागेल. एकूण साधारण १०० किलो-भार. उतरंडीवर गाडा ढकलण्याचे जे गणित आपण शाळेत शिकवतो तेच हे आहे.

पण दोरीत ताणापलीकडे आणखी एक गोष्ट असते. दोन विमाने एकमेकांना बांधली गेली की एकाची चूक दुसऱ्याला भोवते. ग्लायडर ओढणाऱ्याच्या फार वर गेले तर दोरी ओढणाऱ्या विमानाची शेपूट वर खेचते, त्याचे नाक खाली जाते आणि जमीन जवळ असेल तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून दोरी सोडण्याची कळ दोन्ही विमानांत असते. दोरीत मुद्दाम एक कमजोर दुवा ठेवतात. ताण ठरावीक मर्यादेबाहेर गेला की तो आधी तुटतो. विजेच्या फ्यूजचेच हे भावंड. ओढणाऱ्या विमानाने पंख डावीकडे-उजवीकडे हलवले, तर त्याचा अर्थ ग्लायडरने ताबडतोब दोरी सोडावी, असा ठरलेला आहे.

गवतात फेकलेले मॉडेल

आता १९६२ सालात येऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात एडवर्ड्स येथे नासाचे उड्डाण संशोधन केंद्र होते. तेथे डेल रीड नावाचे अभियंते काम करत. मॉडेल विमाने बनवणे हा त्यांचा छंद.

त्या काळी अवकाशातून माणूस परत आणायचा तर बोथट कुपी पॅराशूटने समुद्रात टाकावी लागे. कुपी बोथट का? तर बोथट वस्तूपुढे हवेचा दाबलेला थर तयार होतो आणि बरीचशी उष्णता वस्तूपासून दूर राहते. हे नासाच्याच एम्स केंद्रातील ज्युलियन ॲलन यांनी दाखवले होते. पंख असलेले यान आणले तर पातळ पंख उष्णतेने वितळण्याची भीती होती. यावर एम्समध्ये आल्फ्रेड एगर्स आणि इतरांनी एक कल्पना पुढे नेली. पंख नकोतच. शंकू उभा अर्धा कापावा, सपाट बाजू वर ठेवावी, म्हणजे धडच थोडीफार उचल देईल. कागदावर हे जमत होते. पण पंख नसलेली वस्तू माणसाला घेऊन खरोखर उडेल आणि धावपट्टीवर उतरेल, यावर विश्वास ठेवायला फारसे कोणी तयार नव्हते.

रीड यांनी घरी तिचे छोटे मॉडेल बनवले. आधी ते उंच गवतात फेकून पाहिले. म्हणजे आपटले तरी मोडायला नको. तोल कुठे हवा ते गवतात फेकूनच ठरले. मग इमारतीवरून हाताने सोडून पाहिले. आता उड्डाण जरा लांबले. त्यानंतर त्यांनी इंजिनाचे एक मॉडेल विमान घेतले, त्यामागे हे बिनपंखी मॉडेल दोरीने बांधले आणि वर नेले. ठरावीक वेळाने एक यंत्रणा दोरी सोडून देई आणि मॉडेल तरंगत खाली उतरे. त्यांच्या पत्नी डॉना यांनी या उड्डाणांचे चित्रण केले.

ती छोटी फिल्म रीड यांनी केंद्रात दाखवली. वैमानिक मिल्ट थॉम्पसन यांना ती पटली. केंद्राचे प्रमुख पॉल बिकल यांनाही पटली. बिकल स्वतः नामवंत ग्लायडरपटू होते. १९६१ मध्ये त्यांनी ग्लायडरमधून १४,१०० मीटरांहून अधिक उंची गाठून जागतिक विक्रम केला होता. इंजिनाशिवाय उतरणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने माहीत होते. त्यांनी केंद्राच्याच हाताशी असलेल्या थोड्या पैशांतून काम सुरू करायला संमती दिली.

लहान आणि मोठे सारखे नसतात

येथे जरा थांबून एक शंका घेऊ. छोटे मॉडेल उडाले म्हणून मोठे यान उडेल, असे म्हणता येते का?

येत नाही. लांबी दुप्पट केली की पृष्ठफळ चौपट होते आणि घनफळ आठपट. हे आपण सहावी-सातवीत शिकवतो, पण त्याचे परिणाम किती दूरवर जातात हे सांगायचे राहून जाते. ओढणाऱ्या विमानाचेच उदाहरण घेऊ. पायपर पॉनी हे पिकांवर औषध फवारण्यासाठी बनवलेले अमेरिकन विमान पुढे जगभर ग्लायडर ओढण्यासाठी वापरले गेले. त्याचा पंखविस्तार ११ मीटर. हौशी लोक त्याचे एक-तृतीयांश मॉडेल बनवतात. पंखविस्तार सुमारे ३.७ मीटर. लांबी एक-तृतीयांश, म्हणून पंखांचे क्षेत्रफळ नववा भाग आणि त्याच प्रमाणात बनवले तर वजन सत्ताविसावा भाग. पंखाच्या दर चौरस मीटरवर पडणारा भार मूळच्या एक-तृतीयांश. उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे मॉडेलला उडायला लागणारा वेग मूळच्या वेगाला ३ च्या वर्गमुळाने भागून येतो. मूळ विमान ताशी ११० किलोमीटरने ओढत असेल, तर मॉडेल ६४ किलोमीटरने.

हाच वर्गमुळाचा नियम इंग्लंडचे विल्यम फ्रूड यांनी जहाजांच्या बाबतीत १८७० च्या सुमारास मांडला होता. टॉर्की येथे त्यांनी लांब हौद बांधून त्यात जहाजांची मॉडेले ओढली. शिवाय 'ग्रेहाउंड' नावाचे खरे जहाज दुसऱ्या जहाजाकडून समुद्रात ओढवून घेतले आणि दोरीतला ताण मोजून मॉडेलच्या निष्कर्षांशी ताडून पाहिला. ओढून पाहणे ही अशी जुनी आणि प्रामाणिक प्रयोगपद्धत आहे.

मॉडेलवर भिस्त ठेवून फसलेल्यांचेही उदाहरण आहे. स्मिथसोनियन संस्थेचे सचिव सॅम्युएल लँग्ली यांचे वाफेच्या इंजिनाचे मॉडेल ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाले. तोवर इंजिनाचे इतके जड यंत्र इतके लांब उडाले नव्हते. मग त्यांनी तोच आकार मोठा करून माणूस नेणारे विमान बनवले. ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ या दोन्ही दिवशी ते सुटताक्षणी नदीत कोसळले. वैमानिक चार्ल्स मॅन्ली दोन्ही वेळा सुदैवाने वाचले. लँग्ली यांनी दोष विमान सोडणाऱ्या यंत्रणेला दिला. नंतरच्या अनेकांनी सांगाड्याच्या कमकुवतपणाकडे बोट दाखवले. ताकद आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर म्हणजे वर्गावर अवलंबून असते आणि वजन घनावर. आकार नुसता मोठा केला की सांगाडा तुलनेने दुबळा होतो.

पण मला यातला दुसरा धडा अधिक मोलाचा वाटतो. लँग्ली मॉडेलवरून थेट माणूस बसवलेल्या, इंजिन असलेल्या विमानावर गेले. मधली पायरी त्यांनी घेतली नाही. राइट बंधूंनी मात्र १८९९ मध्ये पतंग, १९०० ते १९०२ मध्ये एकामागून एक तीन ग्लायडर आणि त्यावर शेकडो उड्डाणांचा सराव केल्यावरच इंजिन बसवले. लँग्लींच्या दुसऱ्या अपघातानंतर नवव्या दिवशी, १७ डिसेंबर १९०३ ला, ते उडाले.

मोटार, मग डाकोटा

रीड यांच्या गटाने राइट बंधूंची वाट धरली. त्यांच्या बिनपंखी यानाचे नाव 'एम२-एफ१'. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि बाहेर प्लायवूडचे कवच. हे कवच गस ब्रीग्लेब या ग्लायडर बांधणाऱ्या कारागिराने बनवले. लांबी सुमारे ६ मीटर. लोक त्याला गमतीने 'उडते न्हाणीटब' म्हणत.

इंजिन नव्हतेच; म्हणून ते ओढायचे होते. पहिली पायरी म्हणजे मोटारगाडी. एक ताकदवान पाँटिॲक गाडी घेऊन तिचे इंजिन आणखी जोमदार करण्यात आले. एवढी ताकद का हवी? आपले मघाचे गणित वापरा. हे यान एक मीटर खाली येताना जेमतेम २.८ मीटर पुढे जाई. वैमानिकासह ५०० किलो धरले तर ते ओढायला ५०० भागिले २.८, म्हणजे जवळजवळ १८० किलो-भार जोर हवा. चांगल्या ग्लायडरच्या दहापट!

५ एप्रिल १९६३ रोजी रॉजर्स या कोरड्या सरोवराच्या सपाट तळावर थॉम्पसन यांनी यानाचे नाक उचलले. यान जमीन सोडू लागले आणि एका चाकावरून दुसऱ्या चाकावर डोलू लागले. थॉम्पसन यांनी ते परत खाली टेकवले. जमिनीपासून हातभर उंचीवर दोष दिसला, म्हणून कोणाला इजा झाली नाही. यानाच्या नियंत्रणाची जोडणी बदलण्यात आली, एम्सच्या प्रचंड वातबोगद्यात प्रत्यक्ष यान ठेवून मोजमापे घेतली गेली आणि पुन्हा मोटारीमागे सराव झाला.

मगच पुढची पायरी. १६ ऑगस्ट १९६३ रोजी दोन इंजिनांच्या डाकोटा जातीच्या विमानाने हे यान १२,००० फुटांवर नेले. थॉम्पसन यांनी दोरी सोडली. सुमारे दोन मिनिटांत यान तीव्र उताराने खाली आले आणि सरोवराच्या तळावर अलगद टेकले. पुढील तीन वर्षांत मोटारीमागे सुमारे ४०० आणि विमानामागे ७७ वेळा ते ओढले गेले.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. १९६५ मध्ये जेराल्ड जेन्ट्री यांच्या पहिल्याच हवाई खेपेत यान दोरीच्या टोकाला डोलू लागले आणि उलटे झाले. त्यांनी दोरी सोडली आणि कसेबसे सावरून उतरवले. १९६६ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्याच बाबतीत पुन्हा तसेच घडले, तेव्हा बिकल यांनी हे यान कायमचे जमिनीवर ठेवले. थांबायचे कधी, हे कळणेही प्रयोगाचाच भाग आहे.

नंतरची बिनपंखी याने धातूची होती. १९६७ मध्ये त्यांतील एकाला भीषण अपघात झाला. त्यातून धडा घेऊन त्याला मधोमध तिसरे उभे शेपूट बसवण्यात आले. १९७५ मध्ये 'एक्स-२४बी' इंजिन बंद ठेवून नेमके पक्क्या धावपट्टीवर उतरवून दाखवण्यात आले. म्हणूनच स्पेस शटलला उतरण्यासाठी वेगळी इंजिने लावण्याची गरज नाही, असे खात्रीने म्हणता आले. १४ एप्रिल १९८१ ला पहिले शटल अवकाशातून येऊन त्याच सरोवराच्या तळावर ग्लायडरसारखे उतरले.

मैदानावरची सकाळ

ही पायऱ्यांची शिस्त आज हौशी लोकांच्या मैदानावरही पाहायला मिळते. रेडिओने मॉडेल विमान चालवणे हे अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ मध्ये साधले. एकाला विमानांचा नाद होता, दुसऱ्याला बिनतारी संदेशांचा. त्यांचे 'गफ' हे विमान पुढे स्मिथसोनियनच्या संग्रहात गेले. आता रेडिओ-नियंत्रित मोठी ग्लायडर आणि त्यांना ओढणारी तीन-साडेतीन मीटर पंखांची मॉडेले अनेक देशांत बनतात. त्यांतील काही इंजिने तर लाकूड कापण्याच्या यंत्रकरवतीच्या इंजिनांची वंशज आहेत.

असे विमान बांधताना दोरी कुठे अडकवायची, हा पहिला प्रश्न. खऱ्या विमानात आकडा शेपटीशी असतो. मॉडेलमध्ये तो बहुधा पंखांच्या मागच्या कडेजवळ पाठीवर ठेवतात. कारण तरफेचा नियम. आकडा गुरुत्वमध्यापासून जितका दूर, तितका ग्लायडरच्या बाजूला सरकण्याने शेपटीला बसणारा हिसका मोठा. मग रडर कितीही वळवला तरी विमान ऐकत नाही.

पहिल्या उड्डाणाआधी काय काय तपासतात, तेही पाहण्यासारखे आहे. पंखाखाली दोन बोटांचा आधार देऊन तोल बघायचा. प्रक्षेपकाची शक्ती कमी करून, लांब चालत जाऊन संदेश पोहोचतो का ते बघायचे. संदेश तुटलाच तर इंजिन आपोआप मंद होते ना, याची खात्री करायची. आणि दांडी उजवीकडे नेली की उजव्या पंखाचा एलेरॉन वर जातो ना? हे हास्यास्पद वाटेल, पण उलटी जोडणी हे पहिल्याच उड्डाणात विमान गमावण्याचे नेहमीचे कारण आहे.

मग विमान एकटेच उडवतात, मागे दोरीही नसते. उंचीवर नेऊन वेग हळूहळू कमी करतात आणि कोणत्या वेगाला पंखांची उचल तुटते ते पाहून ठेवतात, कारण ओढताना त्या वेगाच्या जवळ जायचे नसते. काही उड्डाणांनंतर हलके ग्लायडर, त्यानंतर जड. ओढताना दोन्ही चालक मैदानावर खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि प्रत्येक वळण आधी बोलून घेतात.

एका वेळी एकच अज्ञात

या साऱ्या इतिहासात ओढणाऱ्या विमानाचे खरे काम कोणते? ते ग्लायडरला उंची देते, हे तर झालेच. पण संशोधकाला ते त्याहून मोठी गोष्ट देते. इंजिनाची काळजी ते स्वतःकडे घेते, म्हणून नव्या आकाराची परीक्षा एकट्या आकारापुरती उरते. मोटारीमागे बांधले की उंचीची काळजीही जाते. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट नवी; म्हणून काही बिघडले तर कशामुळे बिघडले ते कळते.

आपल्याकडेही हे घडले आहे. २ एप्रिल २०२३ रोजी कर्नाटकात चित्रदुर्गजवळ इस्रोने पंख असलेले एक यान हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडले आणि ते स्वतःहून धावपट्टीवर उतरले. २०२४ च्या मार्चमध्ये ते मुद्दाम धावपट्टीच्या रेषेपासून १५० मीटर बाजूला सोडले, जूनमध्ये ५०० मीटर. दोरी नव्हती, पण रीत तीच होती.

वर्गात हे करून पाहायला विमान लागत नाही. कागदाचे एक ग्लायडर करा आणि त्याच्या नाकाला कागदाची एक क्लिप लावा. क्लिप थोडी मागे सरकवून पुन्हा फेका. नंतर तोच आकार दुप्पट कागदात करून पाहा. विद्यार्थ्यांना एकच अट घाला: एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. एखादा अधीर मुलगा कागदही बदलेल, घडीही बदलेल आणि क्लिपही. त्याचे विमान आपटले की त्याला रागावू नका. नेमके काय चुकले, एवढेच विचारा. त्याला सांगता येणार नाही, आणि पुढच्या वेळी तो एकच गोष्ट बदलेल.